मास्तरांच्या गळ्याचं माप

मुरबाडला बदली झाली तेव्हा मी एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. खाली दुकान, दुकानामागे त्यांचं घर आणि बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर मी. शाळेत मला सगळे बाई म्हणत आणि त्यांना अख्खा बाजार मास्तर म्हणे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "बाई, शाळा तुमची, पन मास्तर मी. यात बदल होनार नाय." मी चार वर्षं त्या खोलीत राहिले. त्या काळात मास्तरांनी माझे किती ब्लाउज शिवले ते आठवत नाही; पण कबूल केलेल्या तारखेला एकही दिला नाही, हे पक्कं आठवतं.

आळस म्हणाल तर तो अंगात नव्हता. सकाळी आठला ते मशीनवर बसलेले असायचे. अडायचं ते कात्रीपाशी. दिलेलं कापड ते आधी दोरीवर टांगून ठेवत. येता-जाता त्याच्याकडे बघत, हात फिरवत, कधी नुसतंच "हं" म्हणत. मग ते टेबलावर यायचं, त्यावर खडूच्या रेघा उमटायच्या, पुसल्या जायच्या, पुन्हा उमटायच्या. मी जिना उतरताना विचारी, "मास्तर, कापलं का?"

"घाई कसली? कात्री म्हंजे शेवटचं हत्यार. शिवलेलं उसवता येतं, दुमडलेलं सोडता येतं. कापलेलं जोडता येतं, पन मग त्याला ठिगळ म्हनतात."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी पोरांना निबंधात घालायला सांगावं असं वाटू लागलं.

पण माणूस नुसता बोलघेवडा नव्हता. सरळगावचा एक नवरदेव लग्नाच्या आदल्या दिवशी तयार कोट घेऊन आला. कोट चांगला दोन माणसांचा. बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याने खांदे कापावे लागतील म्हणून सांगितलेलं. मास्तरांनी कोट उलटा केला, आतून चार ठिकाणी दुमडून टाके घातले आणि दिवे लागायच्या आत तो नवरदेवाच्या अंगावर बसवला. तीन वर्षांनी तोच गडी मेहुण्याच्या लग्नासाठी तोच कोट घेऊन आला. आता पोट सुटलेलं. मास्तरांनी आतले टाके उसवले, इस्त्री फिरवली, कोट पुन्हा बरोब्बर बसला. "दादा, तुमचं पोट मी तवाच आत शिवून ठेवलं होतं," मास्तर म्हणाले. नवरदेवाला राग यावा की हसावं ते कळेना.

माप घेण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी. शर्टाच्या कॉलरसाठी गळ्याभोवती टेप टाकत, टेपच्या आत दोन बोटं सरकवत आणि हुकूम सोडत, "गिळा." गिऱ्हाईक गोंधळून बघे. "थुंकी गिळा हो. लग्नात जेवताना कॉलर लागली तर शिव्या मला घालाल." ही खोड त्यांच्या भिवंडीच्या उस्तादाकडून आलेली. मात्र तीस-पस्तीस वर्षं लोकांना गिळायला लावून मास्तरांच्या बोटांना एक वेगळंच कसब आलं होतं. गळ्यात गाठ असेल तर गिळताना ती वर-खाली होते, आणि ते त्यांच्या बोटांना कळायचं.

एकदा एसटीचा एक ड्रायव्हर खाकी शर्ट शिवायला आला. मास्तरांनी त्याला तीनदा गिळायला लावलं आणि टेप खाली ठेवली. "शर्ट मागनं शिवू. आधी कल्यानला जाऊन गळा दाखवा." ड्रायव्हर भडकला. तू शिंपी आहेस का वैदू, वगैरे बोलून गेला. महिन्याभराने पेढे घेऊन आला. थायरॉईडची गाठ निघाली होती, साधीच, पण वेळेवर कळली. तेव्हापासून लोक मुद्दाम गळा दाखवायला यायचे आणि नुसतंच कसं जायचं म्हणून एखादा शर्टही टाकून जायचे.

आता त्या टेपबद्दल. टेप उस्तादाने दिलेली, कापडी, टोकाला पितळी पत्रा, आकडे पुसट झालेले. दुसऱ्या कुणाला ते तिला हात लावू देत नसत. ती जुनी होऊन सुरकुतू लागल्यापासून दर श्रावणात तिला बुरशी धरू नये म्हणून रिठ्याच्या पाण्यात धूत आणि सुरकुती पडू नये म्हणून खुंटीला टांगून खालच्या टोकाला कात्री अडकवून ठेवत. मोठी, बिडाची, चांगली वजनदार कात्री. मी गमतीने म्हणे, "कात्रीला शेवटी काम मिळालं."

याच काळात मुरबाडच्या बाजारात एक चमत्कार घडत होता. माणसं बारीक होत होती. मास्तरांना जुन्या गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ. नवीन माप घेतलं की ते भुवया चढवत, "सर, उतरलात. जेवत नाय काय?" जुन्या मापावर शिवलेलं कुणाला ढगळ झालं, तरी तेच उत्तर, "तुमी उतरलात." आमच्या शाळेतल्या दोघी जणी केवळ हे ऐकायला ब्लाउज शिवायला टाकत. मीही त्यातलीच. माझी कंबर एका इंचाने उतरल्याचं त्यांनी जाहीर केलं तेव्हा मी त्या खुशीत वडापाव खाऊन आले.

तिसऱ्या उन्हाळ्यात मास्तरांच्या गळ्यात मफलर आला. वैशाखातलं मुरबाड म्हणजे तापलेला तवा, आणि हे मफलर गुंडाळून बसलेले. विचारलं तर म्हणाले, "खोकला हाय." खोकला होता हे खरं. मशीनवर मान खाली घातली की दोन मिनिटांत त्यांना ठसका लागे. मग मान वर करून, डोळे मिटून श्वास घेत बसत. पूर्वी एका बैठकीत शर्ट शिवून उतरवणारा माणूस आता एक कॉलर लावताना चार वेळा थांबू लागला. दोरीवरची कापडं वाढत गेली. आता कारण कात्रीची भीती हे नव्हतं; मान वाकत नव्हती.

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला एकदा जिन्यात गाठलं. काकू दुकानाची काज-बटणं आणि हातशिलाई करायच्या, बोलायच्या कमी. "गो बाई, तुमी इचारा. माझं ऐकत नाय. मानेत लिंबाएवढं झालंय."

मी दुकानात गेले आणि सरळ मफलरला हात घातला. मास्तर लाजले. गळ्याच्या उजव्या बाजूला गाठ चांगली वर आली होती.

"दुसऱ्यांना कल्याणला पिटाळता आणि स्वतः?"

"हाय मला ठावं. दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "पन उतरतंय ते. पाल्याचा लेप लावतोय ना. पहिल्यांदा मोजलं तवा सोळा इंच गळा. मागल्या वर्षी पावनेसोळा झाला आनि आता साडेपंधरा. डॉक्टर काय करनार? कापनार. त्याच्यापेक्षा लेप बरा."

त्यांनी माझ्यासमोर टेप गळ्याभोवती टाकली. खरंच साडेपंधरा. ज्या बोटांनी ड्रायव्हरची गाठ शोधली तीच सांगत होती. मी मान डोलावून वर आले. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात शाळेत आरोग्य तपासणीसाठी वजनकाटा आला. पोरांची वजनं झाल्यावर आम्ही शिक्षकही एकेक करून चढलो. माझं वजन गेल्या वर्षापेक्षा चार किलोंनी वाढलं होतं. कंबर एका इंचाने उतरलेली आणि वजन चार किलोंनी वाढलेलं! त्या दोघी जणींचंही तसंच. शिक्षकांच्या खोलीत सुतक पसरलं. मी मात्र वर्गातली लाकडी मीटरपट्टी पिशवीत घातली आणि चार वाजता थेट दुकानात गेले.

"मास्तर, टेप द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

माझा आवाज वर्गातला लागला असावा, कारण त्यांनी दिली. मी पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर टेप पसरली. शंभर सेंटिमीटर म्हणजे एकोणचाळीस इंचांच्या वर थोडं. मास्तरांची टेप पट्टीच्या टोकाशी दाखवत होती सदतीस. दर श्रावणात कात्रीच्या वजनाने ती थोडी थोडी ताणत गेली होती. इंच लांब झाले होते आणि त्यामुळे सगळ्यांची मापं कमी भरत होती. मुरबाडमधलं कुणीही बारीक झालेलं नव्हतं. आणि मास्तरांचा गळा सोळावरून साडेपंधरावर आला नव्हता, सोळाच्याही पुढे गेला होता. गाठ दोन वर्षं वाढतच होती.

मास्तरांनी टेप पट्टीवर पुन्हा लावून बघितली. पहिला प्रश्न त्यांनी स्वतःबद्दल विचारलाच नाही. "मग येवढ्या लोकांची कापडं मी चुकीची शिवली?"

"नाही हो. ज्या टेपने मोजलंत त्याच टेपने कापलंत, म्हणून अंगाला बसली. जुन्या मापावरची तेवढी ढगळ झाली."

"म्हंजे कापडाला फसवलं नाय," ते हळूच म्हणाले, "फकस्त मला."

मला त्यांचा भयंकर राग आला होता, तो त्या एका वाक्याने गेला आणि नुसतं वाईट वाटलं. काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, पाल्याच्या लेपाची वाटी उचलली आणि मागच्या दाराने ओतून आल्या.

ठाण्याला एका दवाखान्यात गळ्याच्या गाठींच्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांच्याकडे मी दोघांना घेऊन गेले. मास्तर आत शिरले ते हात जोडूनच. "मॅडम, कात्री सोडून जेवढं हाय तेवढं आधी सांगा."

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "आधी गाठ कसली आहे ते बघू. वाईट निघाली किंवा संशय आला तर ऑपरेशनच करावं लागेल, तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही. साधी निघाली तर मात्र पुष्कळ रस्ते आहेत."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, बारीक सुईने गाठीतलं पाणी-पेशी काढून तपासायला पाठवल्या. निकाल यायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मास्तरांनी एकाही गिऱ्हाइकाला गिळायला लावलं नाही. कॉलरची मापं अंदाजाने घेतली. निकाल आला: साधी गाठ, कॅन्सर नाही. मॅडमनी तरीही खात्रीसाठी सुईची तपासणी पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा काकूंनी तिथल्या खुर्चीतच डोळ्यांना पदर लावला.

मग मॅडमनी कागद पुढे ओढून एकेक रस्ता सांगायला सुरुवात केली आणि मास्तर ते कापडाचे नग बघावेत तसे बघू लागले.

"पहिला, काही न करणं. लहान गाठ असेल, त्रास नसेल, तर वर्षाला सोनोग्राफी करून नुसतं लक्ष ठेवायचं."

"दोरीवर टांगून ठेवायचं," मास्तर खूश झाले. "हा आपला."

"तुमचा नाही. तुमची श्वासनळीला रेटते आहे, म्हणून मान वाकत नाही. दुसरा, गोळ्या. पूर्वी गाठ आटावी म्हणून सर्रास देत. तुमचं थायरॉईड नीट चाललंय, त्यामुळे गोळ्यांनी फायदा थोडा आणि हृदयाला त्रास जास्त. तिसरा, किरणोत्सारी आयोडीन पोटात घ्यायचं. ज्या गाठी स्वतःच जादा हार्मोन बनवत सुटतात त्यांच्यासाठी ते चांगलं. तुमची तशी नाही. चौथा, गाठीतलं पाणी काढून आत अल्कोहोलचं इंजेक्शन."

"दारू? गळ्यात? बाहेरनं?" मास्तरांचे डोळे मोठे झाले. काकू म्हणाल्या, "आतनं कवा घेतली नाय, आता बाहेरनं घ्या."

"ते पाण्याने भरलेल्या गाठींना. तुमची भरीव आहे," मॅडम आता हसू दाबत होत्या. "पाचवा तुमच्या कामाचा. तेवढीच जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत गाठीत एक सुई घालायची आणि सुईच्या टोकाशी उष्णता देऊन गाठ आतून शेकायची. जागेपणी. चिरा नाही, टाका नाही. मग पुढच्या महिन्यांत गाठ हळूहळू आक्रसते. नाहीशी होईलच असं नाही. पुढे कधी वाढली तर पुन्हा करावं लागेल, आणि तपासणीला येत राहावं लागेल."

"म्हंजे उलट बाजूनं इस्त्री."

"तसं म्हणा. पण एक जोखीम आहे. आवाजाची नस गाठीच्या अगदी मागून जाते. तिला चटका बसला तर आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो. क्वचित नाही येत."

मास्तरांचा हात गळ्यावर गेला. कात्री टळली होती, पण आवाज पणाला लागला होता, आणि आवाजाशिवाय मास्तर म्हणजे काय, ते दुकानावर राहणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं. ऑपरेशनमध्येही तीच नस सांभाळावी लागते, हे मॅडमनी सांगितलं. मास्तरांनी टेबलावरच्या कागदावर बोट फिरवलं, कापडावर फिरवत तसंच, आणि म्हणाले, "पाचवा."

शेवट काय झाला ते आधीच सांगून टाकते, जिवाला घोर नको. सहा महिन्यांनी गाठ निम्म्याहून कमी झाली होती. मास्तर एका बैठकीत शर्ट उतरवू लागले. दुकानात नवीन टेप आली आणि दर महिन्याला मला माझी पट्टी घेऊन बोलावणं येऊ लागलं, तिची परीक्षा घ्यायला. नवीन टेपवर सगळं मुरबाड एका फटक्यात जाड झालं. आमच्या शाळेतल्या त्या दोघींनी शिंपी बदलला. पुढे माझी शहापूरला बदली झाली, आता मी वाशिंदला राहते. पण ब्लाउज अजून मास्तरांकडेच टाकते आणि अजून तारीख पाळली जात नाही.

सांगायचं आहे ते त्या सुईच्या दिवसाचं. सकाळीच आम्ही तिघं ठाण्याला पोचलो. मॅडमनी मास्तरांना समजावलं, "सुई चालू असताना बोलायचं नाही आणि गिळायचं तर अजिबात नाही."

"गिळायचं नाय?" मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. "बगा बाई, दुनियेचा शाप लागला."

"मी मधूनमधून थांबेन. थांबले की मात्र बोलायचं. काहीही बोला. मला आवाज ऐकायचाय."

मास्तर आत गेले. मी आणि काकू बाहेर बाकावर. काकूंनी काजं करायला दोन शर्ट बरोबर आणले होते. पण सुईत दोरा ओवताना त्या तीनदा चुकल्या, मग मीच ओवून दिला.

"दिवसभर बडबडतात, वैताग येतो मला," काकू काजाकडे बघत म्हणाल्या. "पन घटकाभर आवाज आला नाय की काज टाकून उठते नि दुकानात डोकावून बगते. आवाज गेला गो बाई, तर मला कसं कळनार?"

मी त्यांचा हात धरून बसले. अर्धा-पाऊण तास गेला. दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या.

"छान झालं. आवाज खणखणीत आहे," त्या म्हणाल्या. काकूंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "पण मला एक सांगा. बोला म्हटलं की हे दुसरं काही बोलायलाच तयार नाहीत. दर वेळी आपलं एकच नाव." आणि त्यांनी ते नाव सांगितलं. "हे कोण?"

ते नाव मी इथे लिहीत नाही. माझा तो अधिकार नव्हे. चार वर्षं त्यांच्या डोक्यावर राहून मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. मास्तरांची हाक म्हणजे "अगो", फार तर "ऐकतेस का". त्यांच्या वयाच्या किती जणांनी बायकोचं नाव घेतलंय?

काकूंच्या मांडीवरून शर्ट खाली घसरला. "मी," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "किती वेळा घेतलं?"

"सात-आठ वेळा तरी."

काकू रडायला लागल्या आणि रडता रडताच चिडल्या. "लग्नात घास भरवताना नाव घ्या म्हनून सगळे मागं लागले, तवा पानावरनं उठून पळाले. पस्तीस वर्षं झाली. आनि आता घेतलं, तर मला बाहेर बसवून!"

तासाभराने मास्तर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. गळ्यावर छोटीशी पट्टी, त्यावर बर्फाची पिशवी धरलेली. काकू उठल्या, पदर खोचला आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आत काय बोललात? आता बोला. माझ्यासमोर."

मास्तरांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग एक हात गळ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी खुणेनेच सांगितलं, की डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे.

"छे," मागून मॅडम म्हणाल्या, "मी असं काहीच सांगितलेलं नाही."